पासाऊच्या भिंतीवरचे आकडे

म्युनिक,
४ जून २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पावसाळा संपला की सांगलीचे घर रंगवायला काढायचे आजीने ठरवले आहे आणि सोप्यातल्या भिंतीवरचा पुराचा डाग या खेपेला पुट्टी भरून कायमचा घालवावा असे रंगाऱ्याचे म्हणणे आहे, हे तुझ्याकडून कळले. नेमके त्याच आठवड्याच्या अखेरीस आम्ही दोघे पासाऊ नावाच्या नदीकाठच्या गावी जाऊन आलो, आणि तिथे जे पाहिले त्याचा त्या डागाशी इतका जवळचा संबंध आहे की फोनवर तुटक सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले. तू स्थापत्य अभियांत्रिकी शिकत आहेस, म्हणून काही तांत्रिक गोष्टीही मुद्दाम लिहितो; आजीला पत्र वाचून दाखवताना त्या गाळल्यास तरी चालेल.

पासाऊ हे बव्हेरियाच्या पूर्व कडेला, ऑस्ट्रियाच्या सीमेला अगदी खेटून वसलेले, सुमारे पन्नास हजार वस्तीचे शहर आहे. म्युनिकहून लांडशूट, प्लॅटलिंग असे करत जाणारी साधी रेल्वेगाडी सव्वादोन तासांच्या आसपास तिथे पोचवते आणि आमच्याकडे जो महिन्याचा पास आहे तो या गाडीला चालतो, त्यामुळे वेगळे तिकीट काढावे लागले नाही. तुझ्या आईने नेहमीप्रमाणे भडंगाचा डबा बरोबर घेतला होता. पलीकडच्या बाकावरच्या आजोबांनी तो बराच वेळ कुतूहलाने न्याहाळला, मग मूठभर घेतला आणि पुढच्या स्टेशनापर्यंत पाणी पीत बसले. रविवारी इकडे किराणा मालाची दुकाने बंद असतात हे लक्षात ठेवून आईने शनिवारीच दूध आणि फळे घेऊन ठेवली, हे सांगण्याचे कारण एवढेच की तुम्ही दोघी इकडे याल तेव्हा असे बेत आधी आखावे लागतात.

गावाची ठेवण अशी आहे की डाव्या अंगाने डॅन्यूब आणि उजव्या अंगाने इन अशा दोन मोठ्या नद्या जवळ जवळ येत जातात आणि त्यांच्यामधली जमीन निमुळती होत होत शेवटी एका टोकाशी संपते. जुने गाव या चिंचोळ्या पट्टीवर आहे. त्या टोकाच्या जरासे अलीकडे उत्तरेकडून इल्त्स नावाची तिसरी, लहान नदी डॅन्यूबला मिळते. टोकावर उभे राहिले की तीन पाण्यांचे तीन रंग वेगळे ओळखू येतात असे पुस्तकात वाचले होते, आणि मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटत होती. पण पलीकडच्या डोंगरावरच्या किल्ल्यावर चढून खाली पाहिल्यावर ते रंग खरोखरच दिसले. इनचे पाणी आल्प्समधल्या हिमनद्यांनी घासून आणलेल्या बारीक दगडी पिठामुळे फिकट हिरवट असते. इल्त्स बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून झिरपत येते, त्यामुळे ती काळपट दिसते. डॅन्यूबला कविमंडळींनी निळी ठरवले असले तरी मला ती मातकट हिरवीच दिसली. इन तुलनेने उथळ आणि वेगवान आहे, म्हणून संगमानंतर बराच पल्ला तिचे हिरवे पाणी डॅन्यूबच्या पाण्याला बाजूला रेटत वरच्या वर पसरलेले दिसते.

याहून एक गमतीची गोष्ट अशी की वर्षाची सरासरी काढली तर इथे इनच डॅन्यूबपेक्षा थोडे जास्त पाणी घेऊन येते. विशेषतः मे ते ऑगस्ट या काळात, आल्प्सवरचा बर्फ वितळत असताना, तिचा जोर मोठा असतो. तरीही संगमाच्या पुढे नाव चालते ते डॅन्यूबचेच, कारण ती काळ्या अरण्यापासून लांबचा प्रवास करून आलेली असते आणि पुढे काळ्या समुद्रापर्यंत जायची असते. सांगलीजवळ हरिपूरला संगमेश्वराच्या देवळामागे उभे राहून वारणा कृष्णेत मिसळताना आपण कितीदा पाहिली आहे! तिथे कोणाचे पाणी किती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पासाऊला मात्र तो सारखा पडत राहिला, आणि त्याचे कारण पुढे येईल.

या गावाचे वैभव मिठाचे. साल्त्सबुर्गच्या बाजूच्या खाणींतले मीठ साल्त्साख आणि इन या नद्यांतून होड्यांनी इथे येई, इथे उतरवले जाई आणि मग घोड्यांच्या पाठीवर लादून बोहेमियात नेले जाई. त्या वाटेला ‘सोनेरी वाट’ असे नाव होते. गावावर बिशपचेच राज्य असल्यामुळे मिठाच्या व्यापारातला पैसा त्यांच्याकडे जाई आणि डोंगरावरचा १२१९ सालचा किल्ला, खालचे प्रासाद, भव्य कॅथेड्रल हे सगळे त्यांच्या सत्तेतून उभे राहिले. इनच्या काठावर मिठाच्या धक्क्याशेजारचा पांढरा गोल बुरूज अजून उभा आहे. पुराच्या गावात मीठ साठवणारी माणसे आणि पुराच्या गावात हळद साठवणारी माणसे यांच्या काळज्या फारशा वेगळ्या नसणार असे मला तिथे वाटून गेले. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद कोरडी राहिली आणि २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरले, हे तुला आजोबांनी सांगितलेले आठवत असेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डॅन्यूबच्या बाजूला जुन्या नगरपालिकेची इमारत आहे, तिला उंच मनोरा आहे आणि समोरचे पटांगण थेट नदीच्या धक्क्यावर उतरते. प्रवासी बोटी तिथे लागतात आणि सकाळी दहानंतर त्यांतून उतरलेल्या पर्यटकांचे इतके थवे येतात की उभे राहायला जागा मिळत नाही. म्हणून आम्ही रविवारी सकाळी लवकर पुन्हा तिथे गेलो. मनोऱ्याच्या भिंतीवर आडव्या रेघा आणि त्यांच्याशेजारी सालांचे आकडे आहेत. ज्या ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षी पाणी कुठवर चढले होते, त्याच्या या खुणा. गुडघ्याएवढ्या उंचीवरची एखादी रेघ पाहून आपण मान हलवतो, मग कमरेएवढी, मग डोक्याच्या वर, आणि मग मान मागे टाकून पाहावे लागते. २००२ ची रेघ १०.८१ मीटरची. १९५४ ची १२.२० मीटरची. सगळ्यांत वर १५०१ सालची आहे, आणि तिच्या थोडीशीच खाली २०१३ ची.

३ जून २०१३ रोजी पासाऊला डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटर झाली. १५०१ नंतरच्या पाचशेहून जास्त वर्षांत इतके पाणी या गावाने पाहिले नव्हते. त्या वर्षीचा मे महिना अतोनात पावसाचा गेला होता, जमीन पाणी प्यायला तयार नव्हती, आणि महिनाअखेरीला पुन्हा कित्येक दिवस मुसळधार पाऊस झाला, तेव्हा पडेल ते सगळे पाणी नद्यांत उतरले. डॅन्यूब आणि इन या दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या. एरवी एक फुगलेली असते तेव्हा दुसरी बहुधा तिला वाट देते. पण खालच्या अंगाला इन भरून वाहत असेल तर डॅन्यूबच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही, ते तुंबते आणि गावात पसरते. कोणत्या नदीचे पाणी किती आणि कोणत्या घटकेला, यावर अख्खे जुने गाव कोरडे राहणार की बुडणार हे ठरते. हे मी तुला सांगायला हवे असे नाही. कृष्णा वर चढत असताना वारणेला पाणी असले आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगाही तशीच फुगलेली असली की सांगलीत पाणी हटत नाही, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही जाणते. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून चाललेल्या वादात मी इतक्या दुरून पडत नाही. पण त्या वादातले दोन्ही बाजूंचे आकडे तू तुझ्या अभ्यासाच्या नजरेने तपासावेस असे मला मनापासून वाटते, कारण त्यावर आवेशाने बोलणारे पुष्कळ आहेत आणि हिशेब मांडणारे थोडे.

एक तांत्रिक मुद्दा इथेच सांगतो. १२.८९ मीटर याचा अर्थ पटांगणात तेरा मीटर पाणी होते असा नाही, आणि नदी तेवढी खोल होती असाही नाही. मोजपट्टीचा शून्य कुठे धरायचा हे पूर्वी केव्हातरी सोयीने ठरवलेले असते आणि मग सगळ्या पिढ्या त्याच शून्यापासून मोजत राहतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचेही तेच. १९२९ साली पूल झाला आणि तेव्हापासून सांगलीची पुराची भाषा त्याच्या खांबावरच्या फुटांत बोलली जाते : चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात सत्तावन्नच्याही वर. हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. ‘आयर्विनला किती?’ असे विचारणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात त्याचे आपल्या उंबऱ्याच्या हिशेबात रूपांतर करत असतो. मारुती चौकातल्या दुकानदाराचा हिशेब वेगळा, दत्तनगरातल्याचा वेगळा, पलीकडे सांगलवाडीतल्याचा आणखी वेगळा.

हेच रूपांतर पासाऊच्या लोकांनी भिंतीवर आणि दाराच्या चौकटीवर लिहून ठेवले आहे, आणि मला जे विशेष वाटले ते हे. नगरपालिकेचा मनोरा सर्वांना दिसतो, म्हणून त्याची छायाचित्रे निघतात. पण डॅन्यूबच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांतून, विशेषतः चित्रकार आणि कारागीर यांची दुकाने असलेल्या गल्लीतून, जरा रेंगाळत चालले की खाजगी घरांवरही छोट्या छोट्या पट्ट्या दिसू लागतात. कुठे पितळी, कुठे दगडात कोरलेली, एका घरी तर साध्या रंगाने हाताने लिहिलेली : साल आणि एक आडवी रेघ. गल्ली नदीकडे उतरत जाते तशी २०१३ ची रेघ आपल्या डोक्यावरून वर वर जाऊ लागते. वास्तविक रेघ जागच्या जागीच असते, पाण्याला उतार माहीत नसतो, खाली जात असतो ते आपण. तुझी आई मध्येच थांबून म्हणाली की आता आपण पाण्याखाली आहोत.

मातीची भांडी विकणाऱ्या एका बाईंच्या दुकानात आम्ही बराच वेळ होतो. त्यांच्या दाराच्या दोन्ही बाजूंना चौकटीत लोखंडी खाचा बसवलेल्या आहेत. आतल्या बोळात ॲल्युमिनियमच्या लांब फळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक फळीवर जाड पेनाने क्रमांक लिहिलेला होता. पाणी चढू लागले की त्या खाचांत एकावर एक सरकवायच्या आणि दार बंद करायचे. क्रमांक कशाला, असे मी विचारले, तर खालच्या फळीला रबराची जाड पट्टी असते आणि घाईत उलटसुलट लावल्या तर पाणी आत येते, असे त्यांनी सांगितले. विजेची सर्व बटणे आणि सॉकेट माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. भिंतीचा खालचा भाग नुसत्या चुन्याच्या गिलाव्याचा ठेवला होता, कारण तो भिजला तरी वाळतो. सिमेंटच्या गिलाव्यावर तेलकट रंग दिला की ओल आतच अडकते आणि मग वर्षानुवर्षे पोपडे निघत राहतात. नदीच्या मोजपट्टीवर अमुक इतके मीटर झाले की तळघरात पाणी येते, त्यापुढे अमुक झाले की उंबऱ्याला लागते, आणि त्याहून वर गेले की फळ्या लावण्यातही अर्थ नसतो, मग सामान वरच्या मजल्यावर न्यायचे आणि निघून जायचे, हे सगळे त्यांनी दर मीटरागणिक असे सांगितले की जणू शेजारणीच्या येण्याजाण्याच्या वेळा सांगत होत्या. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीलाही पाणी दहा मीटरच्या आसपास गेले होते. तेव्हाची गल्लीतली ओल जायला किती महिने लागले हे सांगताना मात्र त्यांचा स्वर बदलला.

तू असे समजू नकोस की इकडे सगळे आलबेल आहे आणि आपल्याकडे सगळा अंधार, असा सूर मी लावतो आहे. परदेशी राहणाऱ्या माणसांच्या पत्रांत तो सूर लवकर शिरतो आणि मला तो आवडत नाही. भिंतीवर १५०१ ची रेघ असूनही २०१३ मध्ये गाव बुडालेच. वीज गेली, नळाचे पाणी बंद झाले. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही ही अवस्था काय असते हे सांगलीच्या मुलीला सांगायला नको. रेघेने पाणी अडत नाही. जुन्या गावाभोवती उंच भिंत बांधायची तर जागा नाही आणि ज्या नदीच्या दर्शनासाठी लोक येतात तीच दिसेनाशी होईल, ही त्यांची अडचण आहे. शिवाय पुराच्या खुणांची चित्रे छापलेली पोस्टकार्डे तिथे विकायलाही असतात. आपत्तीचे असे शोभेचे सामान झालेले पाहून मी काही क्षण अस्वस्थ झालो हेही खरे.

दुसरीकडे, त्या पुरानंतर जे घडले ते वाचून मला आपलीच माणसे आठवली. पासाऊला विद्यापीठ आहे, हजारो विद्यार्थी आहेत. पाणी उतरायला लागताच त्या विद्यार्थ्यांनी फेसबुकवरून एकमेकांना गोळा केले, फावडी-बादल्या घेऊन तळघरे उपसली, चिखल काढला, लोकांना जेवण पोचवले, आणि हे काम कोणाच्या हुकमाची वाट न पाहता उभे राहिले. २०१९ मध्ये सांगलीच्या गावभागात ट्रॅक्टरमधून, टेम्पोमधून कुठकुठल्या जिल्ह्यांतून पोरे आली होती, आजीच्या घरातला गाळ ज्यांनी काढला त्यांची नावेही आपल्याला कळली नाहीत. तू तेव्हा मिरजेला मावशीकडे होतीस आणि परत आल्यावर तुझ्या वह्यांचा लगदा पाहून रडली होतीस. पण त्याच मुलांनी तुझा हार्मोनियम माळ्यावर सुरक्षित ठेवला होता.

बाकी पासाऊ थोडक्यात. इन नदीवर पादचाऱ्यांसाठी एक पूल आहे, त्यावरून जायला पूर्वी पाच फेनिग द्यावे लागत म्हणून लोक अजून त्याला पाचाचाच पूल म्हणतात. नदीपलीकडच्या टेकडीवर मारियाहिल्फ हे तीर्थक्षेत्र आहे. तिथे जायला ३२१ पायऱ्यांचा छत असलेला जिना आहे आणि भाविक प्रत्येक पायरीवर प्रार्थना करत चढतात. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा सम्राट लिओपोल्ड पासाऊला येऊन राहिला होता आणि त्या काळात या देवस्थानाचे महत्त्व फार वाढले. तुझी आई सगळ्या पायऱ्या चढली, मी मधल्या झरोक्याशी बसून नदी पाहत राहिलो. कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत असे सांगतात. त्याबद्दल आणि आतल्या नक्षीकामाबद्दल आई तुला वेगळे लिहील. मला आतले सगळे इतके पांढरे आणि इतके भरगच्च वाटले की डोळ्यांना विसावा कुठे मिळेना. कॉफी महाग आहे.

आता आपल्या सोप्याबद्दल. त्या भिंतीवर आज दोन डाग आहेत : खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी २०१९ चा, आणि त्याच्या बराच खाली २०२१ च्या जुलैचा, जो कपाटाच्या मागे अर्धा झाकला आहे. २००५ चा डाग नाही, कारण पुढच्या दिवाळीला घर रंगवले गेले आणि तो त्या रंगाखाली गेला. त्यामुळे आज आजी म्हणते पाणी देवळीला लागले होते, शेजारचे काका म्हणतात देवळीच्या वर वीतभर होते, आणि दोघांपैकी कोणीच माघार घ्यायला तयार नाही. आयर्विनचे आकडे मात्र कागदावर आहेत. २००५ ला त्रेपन्नच्या वर आणि २०२१ ला चोपन्नच्या वर पाणी होते. याचा अर्थ दोन्ही वर्षांची पातळी आपल्या भिंतीवर जवळपास शेजारी शेजारीच आली असावी, आणि २०२१ चा डाग मोजला तर काका आणि आजी यांच्या वादाचा निकालही बहुधा लागेल. निकाल कोणाला कसा सांगायचा ते तू ठरव.

पुट्टी भरायला माझी हरकत नाही. आजीला रोज सकाळी चहा पिताना तो डाग समोर नको आहे, आणि तिने जे भोगले त्यानंतर तिला तसे वाटण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण रंगारी यायच्या आधी तू एक काम कर. कॉलेजातून पातळी मोजायचे लेव्हल हे उपकरण मिळत असेल तर उत्तम, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लावतात तशी पातळी घे, आणि दोन्ही डागांच्या वरच्या कडेची उंची उंबऱ्यापासून सेंटिमीटरमध्ये मोज. डागाची कड सगळीकडे सारखी नसते, भिंत पाणी वर शोषते, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजून त्यातली खालची मापे विश्वासाची धर. दाराच्या लाकडी चौकटीवरही गाळाची रेघ राहिली असेल, तिथले माप भिंतीपेक्षा अधिक खरे येईल. मग त्या दोन दिवसांचे आयर्विनचे सर्वोच्च आकडे घेऊन वजाबाकी कर. दोन्ही पुरांवरून येणारे उत्तर जवळपास सारखे आले तर आयर्विनला नेमके किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागते, हे तुझ्या हाती येईल. सारखे आले नाही तर त्याचे कारण शोधताना तुला पुस्तकाबाहेरचे बरेच काही कळेल. मधल्या काळात आपल्या आणि नदीच्या मध्ये रस्त्याची उंची वाढली आहे, एक-दोन इमारतीही उभ्या राहिल्या आहेत, हेही लक्षात घे.

हे आकडे वहीत नकोत, वह्यांचे काय होते ते आपण पाहिले आहे. जिन्याच्या खालच्या दगडी खांबावर, जिथे रंग लागत नाही आणि आजीच्या चहाच्या जागेवरून जो दिसत नाही, तिथे पाथरवटाकडून दोन बारीक रेघा आणि साले कोरून घे. मोठे काही नको, नावे नकोत. खर्च मी पाठवतो. खांबाला हात लावायला आजीने नको म्हटले तर आग्रह करू नकोस, मागच्या दाराची दगडी चौकट आहेच. आणि चुन्याच्या गिलाव्याबद्दल रंगाऱ्याशी नव्हे, एखाद्या जुन्या गवंड्याशी बोल. गावभागात अजून असे गवंडी असतील, गणपती मंदिराच्या बाजूला चौकशी केलीस तर पत्ता लागेल.

घर विकायचे की ठेवायचे, असे तू दोनदा विचारले आहेस. त्याचे उत्तर मी या पत्रात देत नाही. त्या बाबतीत आजीचे मत आधी, मग तुझे, आणि मग आमचे. परंतु विकायचे ठरले तरी घेणाऱ्याला ती रेघ दिसली पाहिजे आणि ठेवायचे ठरले तरी आपल्याला ती दिसली पाहिजे, एवढ्यापुरते माझे मत पक्के आहे.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि धरणांत पाणी लवकर साठू लागेल अशी चिन्हे आहेत असे बातम्यांत वाचतो. त्यामुळे मोजमाप दिवाळीपर्यंत न लांबवता याच महिन्यात उरकून घे. महत्त्वाची कागदपत्रे, आजीची औषधे आणि तुझी गुणपत्रके यांची पेटी आत्तापासूनच माळ्यावर चढव आणि माळ्याची शिडी पावसाळाभर सोप्यातच राहू दे. पाणी चाळीसवर गेल्याचे कळले की मिरजेला मावशीला फोन करायचा आणि आजी नाही म्हणाली तरी तिला घेऊन निघायचे. या एका बाबतीत तिचे ऐकू नकोस, माझे नाव सांग.

तुझ्या परीक्षेचे वेळापत्रक लागले की कळव. आईने तुझ्यासाठी मातीचा एक पेला घेतला आहे, तो ऑक्टोबरात येताना आणू. आजीस माझा साष्टांग नमस्कार सांग, शेजारच्या काकांनाही नमस्कार.

तुझा,
बाबा